जखम धुण्याआधी : शस्त्रक्रियागृहातली परिचारिका आणि पुरावा

(कवठे येमाई, ता. शिरूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

येमाईच्या या गावात आज समोर आरोग्य केंद्रातल्या सिस्टर बसल्या आहेत, आशाताई आहेत, शेतकरी आहेत, आणि मागे कॉलेजची मुलंही दिसतायत. विषय मात्र जरा वेगळा आहे. ऑपरेशन थिएटरमधल्या परिचारिकेला न्यायवैद्यकाचं कौशल्य का लागतं, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, हे तत्त्वज्ञानाचे मास्तर, यांचा ओटीशी काय संबंध? संबंध असा, की आम्ही आयुष्यभर एकच प्रश्न शिकवत आलो : आपल्याला एखादी गोष्ट ‘माहीत आहे’ असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? न्यायालयातला प्रत्येक खटला हाच प्रश्न विचारत असतो. आणि त्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ओटीच्या टेबलावर, निर्जंतुक चादरीखाली पडलेलं असतं. तिथे ते सांभाळलं गेलं नाही, तर पुढे कितीही मोठा वकील उभा केला तरी ते परत मिळत नाही.

आधी शब्द समजून घेऊ. ‘फॉरेन्सिक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शवविच्छेदन येतं, म्हणजे मेलेला माणूस. फॉरेन्सिक नर्सिंग, मराठीत न्यायवैद्यक परिचर्या, ही प्रामुख्याने जिवंत माणसासाठी आहे. मारहाण झालेला, भोसकलेला, गोळी लागलेला, जळालेला, विष प्यायलेला किंवा पाजलेला, अत्याचार झालेला, अपघातात सापडलेला असा रुग्ण समोर आला की त्याची शुश्रूषा करता करता त्याच्या अंगावरची, कपड्यांवरची आणि बोलण्यातली खूण जपायची, एवढा तिचा अर्थ. अमेरिकेत व्हर्जिनिया लिंच यांनी १९८० च्या दशकात या शाखेची मांडणी केली. १९९२ साली फॉरेन्सिक नर्सेसची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९९५ साली तिथल्या परिचारिका संघटनेने या शाखेला स्वतंत्र मान्यता दिली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम अलीकडे बदलला, त्यात फॉरेन्सिक नर्सिंग आणि भारतीय कायदे असा एका क्रेडिटचा छोटासा विषय आला. चांगली गोष्ट झाली. पण आज ओटीत उभ्या असलेल्या बहुतेक सिस्टर त्याच्या आधीच शिकून बाहेर पडल्या आहेत. त्यांना हे कुणी शिकवलंच नाही. म्हणून हे बोलायचं.

आता एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. घोड-कुकडीच्या या पट्ट्यात बांधावरून भांडण झालं आणि एकाच्या पोटात सुरी गेली. लोक त्याला जीपमध्ये घालतात आणि जवळच्या आरोग्य केंद्रात आणतात. तिथून शिरूरचं ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथेही जमण्यासारखं नसेल तर पुण्याला ससून. या प्रवासात किती हात लागले बघा. आरोग्य केंद्रात रक्तस्राव थांबवण्यासाठी शर्ट कापला. रुग्णवाहिकेत तो पायाशी पडला. पुढच्या दवाखान्यात मावशींनी घाण दिसते म्हणून गुंडाळून पिशवीत कोंबला. ओटीत पोहोचेपर्यंत रुग्णाच्या अंगावर शर्ट नाही, जखमेवर तीन पट्ट्या बदललेल्या आहेत. यात कुणाचाही वाईट हेतू नाही. सगळे जीवच वाचवत होते. पण सुरी कुठून, कशी, किती वेळा लागली हे सांगणारा पहिला साक्षीदार, म्हणजे तो शर्ट, मुका झाला.

फ्रान्समधल्या लियों शहरात १९१० साली एदमों लोकार्ड यांनी गुन्हेतपासाची प्रयोगशाळा उभारली. त्यांच्या नावावर एक साधं तत्त्व सांगितलं जातं : दोन गोष्टींचा स्पर्श झाला की दोन्हींमध्ये काहीतरी देवाणघेवाण होते. मारणाऱ्याचं काहीतरी मार खाणाऱ्यावर राहतं, आणि उलटही. आता ओटीचा विचार करा. ओटीचा सगळा धर्मच मुळी स्वच्छता. धुवा, पुसा, निर्जंतुक करा, वापरलेलं फेका. म्हणजे गुन्ह्याची खूण टिकवायची असेल तर जगातली सगळ्यात अवघड जागा कोणती? ओटी! आणि तरीही अनेक गंभीर जखमी सगळ्यात आधी तिथेच पोहोचतात. ही अडचण नीट लक्षात घेतली म्हणजे परिचारिकेचं कौशल्य कशात आहे ते कळतं. जीव वाचवणं आणि खूण वाचवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच हातांनी करायची असतात.

मग नेमकं करायचं काय? आम्ही डॉक्टर नाही. पण न्यायवैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात ज्या गोष्टी सर्वमान्य आहेत, त्या साध्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट कपडे. कापावेच लागले तर सुरीने पडलेल्या भोकातून किंवा गोळीच्या छिद्रातून कात्री चालवायची नाही, बाजूने कापायचं. झटकायचे नाहीत. प्रत्येक कपडा वेगळा ठेवायचा. ओला असेल तर स्वच्छ कागदावर पसरून सावलीत वाळू द्यायचा आणि मग कागदी पिशवीत घालायचा. प्लास्टिकमध्ये नाही. का? प्लास्टिकमध्ये ओलावा कोंडतो, बुरशी आणि जंतू वाढतात, आणि रक्तातला डीएनए खराब होतो. घरात ओलं धान्य बंद डब्यात भरलं तर काय होतं, ते इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. शास्त्र तेच.

दुसरी गोष्ट गोळी. गावठी कट्टा असो नाही तर पोलिसांचं पिस्तूल, शरीरातून काढलेली गोळी आपल्याला एक शिशाचा तुकडा वाटते. पण पन्हाळीच्या नळीतून गेलेल्या गोळीच्या अंगावर त्या नळीच्या बारीक रेघा उमटतात, आणि त्या रेघांवरूनच ती कोणत्या हत्यारातून सुटली ते तज्ज्ञ ताडून पाहतो. सर्जनने ती दातेरी चिमट्याने ओढली आणि स्टीलच्या ट्रेमध्ये टणकन टाकली, की नव्या रेघा पडल्या. म्हणून चिमट्याच्या टोकांना रबरी नळी चढवायची किंवा हातमोज्याच्या बोटांनी काढायची, आणि मऊ गॉजमध्ये गुंडाळून छोट्या डबीत ठेवायची. हे सर्जनला त्या क्षणी कोण आठवण करून देणार? स्क्रब नर्स. रबर चढवलेला चिमटा त्याच्या हातात ठेवणारी तीच असते.

तिसरी गोष्ट फॉर्मलिन. ओटीत सवय अशी, की शरीरातून जे निघालं ते फॉर्मलिनच्या बरणीत टाकायचं. कॅन्सरची गाठ असेल तर ते बरोबरच. पण अत्याचारातून राहिलेला गर्भ काढावा लागला, तर तो पितृत्व ठरवणारा पुरावा असतो, आणि फॉर्मलिन डीएनए बिघडवतं. तो फॉर्मलिनशिवाय, थंड ठेवून, लवकरात लवकर प्रयोगशाळेत जायला हवा. एखाद्या मुलीच्या खटल्याचा निकाल त्या एका बरणीत काय ओतलं यावर फिरू शकतो. ओतणारे हात परिचारिकेचे असतात.

चौथी गोष्ट आपल्या शेतकरी भागातली. कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण. पोट धुताना पहिल्यांदा साधं पाणी वापरायचं, आणि जे पहिलं पाणी बाहेर येतं ते ओतून न देता स्वच्छ बाटलीत वेगळं ठेवायचं. विषाचं प्रमाण त्यातच सगळ्यात जास्त असतं. आणि दारूची शंका असलेल्या अपघातात रक्त घ्यायचं तर कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची नाही. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. उद्या बचावाचा वकील विचारणार, रक्तातली दारू बाटलीतली की बोळ्यातली? एवढी एक शंका त्याला पुरते.

आता आमच्या प्रांतात येऊ. पुरावा नुसता उचलून ठेवून भागत नाही, तो लिहावा लागतो. आणि लिहिताना एक घोटाळा हमखास होतो. आपल्या न्यायदर्शनाने ज्ञानाची साधनं, म्हणजे प्रमाणं, वेगळी करून सांगितली आहेत. प्रत्यक्ष वेगळं, अनुमान वेगळं, शब्द वेगळा. डोंगरावर धूर दिसतो हे प्रत्यक्ष. म्हणून तिथे आग आहे हे अनुमान. तिथून आलेला विश्वासू माणूस ‘आग लागलीय’ म्हणतो, तो शब्द. परिचारिकेची नोंदवही या तीन खणांची असली पाहिजे. ‘बेंबीच्या डावीकडे, दोन सेंटीमीटर लांबीची, कडा सरळ असलेली जखम’ हे प्रत्यक्ष. ‘सुरीचा वार’ हे अनुमान, ते तज्ज्ञाला करू दे. ‘गोळी इथून शिरली आणि तिथून बाहेर पडली’ हेही अनुमानच. दोन छिद्रं दिसली, तर त्यांची जागा आणि मापं लिहावीत. आणि रुग्ण ‘मला अमक्याने मारलं’ म्हणाला, तर तो शब्द. तो त्याच्याच भाषेत, अवतरणात, वेळ टाकून लिहावा. ‘रुग्णाचा असा आरोप आहे’ असं आपल्या भाषेत वळवून लिहिलं की त्यातला जीव जातो. भूल देण्याआधीचं ते वाक्य रुग्णाचं शेवटचंही ठरू शकतं. मरणाऱ्याने मृत्यूच्या कारणाबद्दल सांगितलेलं न्यायालय पुरावा म्हणून ऐकतं. पूर्वी पुरावा कायद्याचं ३२ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं २६ वं कलम आहे.

हे खण एकमेकांत मिसळले की काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७२ च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. मथुरा प्रकरण म्हणून ते देशभर गाजलं. तिची वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. अंगावर जखम नाही अशी नोंद झाली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं, आणि सोडताना जखमा नसण्याला मोठं वजन दिलं. आता तर्काचा विद्यार्थी म्हणून बघा. ‘जखम दिसली नाही’ हे प्रत्यक्ष. ‘म्हणून प्रतिकार झाला नाही, म्हणून संमती होती’ हे अनुमान, आणि तेही सदोष. भीतीने थिजलेल्या माणसाच्या अंगावर जखम नसते. उशिरा तपासलेल्या अंगावर जी होती तीही दिसेनाशी होऊ शकते. न्यायशास्त्र अशा हेतूला हेत्वाभास म्हणतं : कारणासारखं दिसणारं, पण कारण नसणारं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आंदोलन झालं आणि १९८३ साली कायदा बदलला. दोन बोटांची चाचणी अशास्त्रीय आणि अपमानकारक आहे, ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये निक्षून सांगितलं. एका नोंदीतून काय निष्पन्न होतं आणि काय होत नाही हे कळायला एवढी वर्षं लागली.

पुढची गोष्ट साखळीची. खूण जपली, नीट लिहिली, तरी ती कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली हे सांगता आलं पाहिजे. काढली कुणी, डबीत ठेवली कुणी, सील कुणी केलं, पोलीस हवालदाराला किती वाजता दिली, त्याची सही आहे का. यातली एक कडी तुटली की मुद्देमाल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचतो खरा, पण तो त्याच माणसाचा आहे हे सिद्ध करता येत नाही. आपल्या पुण्यातच मे २०२४ मध्ये कल्याणीनगरचा अपघात झाला, मोटारीने दोघांचा जीव घेतला. त्यानंतर रुग्णालयात अल्पवयीन चालकाचा रक्ताचा नमुनाच बदलला असा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. खरं-खोटं न्यायालय ठरवेल, आपण ठरवायचं नाही. पण सगळ्या महाराष्ट्राला त्या दिवसांत एक गोष्ट कळली : एका छोट्या बाटलीवरचं नाव किती मोठी गोष्ट असते.

जुनं उदाहरण हवं असेल तर तेही पुण्याचंच. नोव्हेंबर १९५६ मध्ये पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे आपले डॉक्टर अनंत चिंतामण लागू यांच्याबरोबर रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाल्या. पहाटे त्यांना बेशुद्ध अवस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केलं गेलं, तेही दुसऱ्याच नावाने. सकाळी त्या गेल्या. शवविच्छेदन वेळेवर झालं नाही, कित्येक दिवसांनी झालं, आणि रासायनिक तपासणीत विष सापडलं नाही. खटला उभा राहिला तो परिस्थितीजन्य पुराव्यावर. रुग्णालयाच्या कागदांची बारकाईने छाननी झाली, लघवीतल्या ॲसिटोनबद्दलची एक नोंद मागाहून घातली का, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत चर्चा झाली. डिसेंबर १९५९ मध्ये फाशी कायम झाली, पण तीनपैकी एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं. विचार करा, एखाद्याच्या फाशीचा प्रश्न आणि न्यायमूर्ती केस पेपरवरच्या एका ओळीची शाई तपासतायत. ज्याने ती ओळ लिहिली त्याला त्या सकाळी हे स्वप्नातही वाटलं नसेल. म्हणून सिस्टर, नोंद तेव्हाच्या तेव्हा करा. चुकलं तर एक रेघ मारून सही-तारीख टाका, खाडाखोड नको.

आता एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ‘सर, इथे माणूस मरतोय, आम्ही कागदी पिशव्या शोधत बसायचं?’ मुळीच नाही. जीव पहिला. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं, की जखमीवर उपचार आधी, पोलिसी सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खासगी दोघांनाही लागू. अत्याचारग्रस्तावर मोफत उपचार नाकारणं तर आज गुन्हा आहे. पण जीव आणि पुरावा यांच्यात खरोखर भांडण किती वेळा असतं? इथलंच उदाहरण घेऊ. उसात बिबट्याने हल्ला केल्याचा जखमी आला. प्राण्याच्या चाव्यात रेबीजची भीती, म्हणून साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुणं हा जीव वाचवणारा उपचार. ते थांबवायचं नाही. पण रुग्ण स्थिर असेल तर धुण्याआधी जखमेच्या कडेवरून दोन निर्जंतुक बोळे फिरवून वेगळे ठेवायला अर्धं मिनिट लागतं. लाळेतल्या डीएनएवरून प्राणी कोणता ते कळू शकतं. आणि जखम दातांची नसून कोयत्याची असेल, बिबट्याच्या नावावर कुणी काही लपवत असेल, तर तेही कळू शकतं. रक्त उडत असेल तर बोळे विसरा, रक्त थांबवा. हा तारतम्याचा विवेक म्हणजेच कौशल्य. यादी पाठ करून तो येत नाही, आणि यादी पाठ नसेल तर त्याला आधारही राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. परिचारिका पोलीस आहे का? नाही. ती फिर्यादीच्या बाजूची नाही आणि आरोपीच्याही नाही. नीट जपलेली खूण निर्दोष माणसालाही सोडवते. म्हणूनच रुग्णाची संमती, त्याची लाज, त्याची गुप्तता या गोष्टी पुराव्याच्या आड येतात असं समजू नये. अत्याचार झालेल्या बाईला उपचार हवेत पण तपासणी नको, असं म्हणण्याचा हक्क आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो मान्य केला आहे. मूल असेल तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तरीही त्या मुलाशी बोलायची रीत मायेचीच हवी. दुखावलेल्या माणसाला पुराव्याची वस्तू करायचं नाही, एवढं सांभाळलं तर परिचारिकेचा मूळ धर्म कुठेही बिघडत नाही.

आणि शेवटी साक्ष. पुष्कळ सिस्टरना कोर्टाचं समन्स म्हटलं की धडकी भरते. त्यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या अंजली कुलथे यांची आठवण ठेवावी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. गोळीबार चालू असताना त्यांनी त्या सगळ्यांना सुरक्षित जागी हलवलं, आणि पुढे ओळख परेडमध्ये कसाबला ओळखलं, न्यायालयात साक्ष दिली. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही त्या बोलल्या. साक्षीला पांडित्य लागत नाही. मी काय पाहिलं, केव्हा पाहिलं, काय लिहिलं, एवढंच सांगायचं असतं. न लिहिलेलं मात्र पाच वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

मग मागणी काय करायची? फार मोठी नाही. प्रत्येक ओटीत एका कपाटात कागदी पिशव्या, छोट्या डब्या, लेबलं, मापपट्टी, रबर चढवलेला एक चिमटा आणि हस्तांतराचं रजिस्टर. भिंतीवर एक पान मराठी सूचना. आणि ओटीच्या सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामा या सगळ्यांना मिळून वर्षातून एकदा प्रशिक्षण, कारण कपडे बहुधा मावशी-मामांच्याच हातात पडतात. आता सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं असं नवा कायदा म्हणतो. पण जखमी माणूस घटनास्थळ अंगावर घेऊनच ओटीत आलेला असतो. तिथला तज्ज्ञ कोण? त्या घटकेला परिचारिकाच.

आणि ग्रामस्थ मंडळी, तुमचंही काम आहे बरं का. जखमीला हलवताना त्याचे कपडे घरी धुवायला ठेवू नका, जसेच्या तसे बरोबर पाठवा. विष प्यायलेल्या माणसाबरोबर औषधाची बाटली द्या, तिच्यावरच्या नावावरून डॉक्टर उपचार ठरवतात. पोटात किंवा छातीत रुतलेली सुरी गावात उपसू नका, त्याने रक्तस्राव वाढतो आणि मुठीवरचे ठसेही जातात. अत्याचार झालेल्या मुलीला आंघोळ घालून मग दवाखान्यात आणू नका. तिला आधी जवळ घ्या, आणि आहे तशी लवकर आणा.

एवढं बोलून थांबतो. कुणाचे प्रश्न असतील तर विचारा. सिस्टर, आधी तुम्ही.